आठ बाय दहा

शटर अर्धं ओढलं होतं तेव्हा अवधूत साळोखे आला,
मागं चौघं, दोघांच्या अंगात त्याच शहराची जर्सी.
"ताई, श्रद्धांजली टाकायची हाय. आठ बाय दहा.
सकाळी पेठेत लागली पायजे."

कोण गेलं, मी सवयीनं विचारलं.
एकोणतीस जण, तो म्हणाला.

टीव्हीवर दुपारपासून तेच:
स्टेडियमबाहेरचा धूर, एक पळणारी बाई,
एक बूट पायात, एक नाही.
अकरा वेळा पळवली त्यांनी तिला,
दर वेळी तिच्याभोवती लाल गोल,
जणू ती आमच्या नजरेतून निसटेल.
मग रुईकर कॉलनी, नेर्लेकर काकू,
हातात लाटणं तसंच, समोर सात माइक:
"मुलगा बरा आहे हो, तो तिथून चार तास लांब राहतो."
खाली पट्टी: कोल्हापूरचा सुपुत्र थोडक्यात बचावला.

मी फाइल उघडली.
भावपूर्ण श्रद्धांजली माझ्याकडं तयारच असते,
निरांजन, झेंडूची कमान, आभाळात विरणारी पायवाट;
फक्त फोटो बदलायचा.
इथं फोटो एकोणतीस, त्यातले सहा सापडेनात.
नावं मराठीत कशी लिहायची यावर पोरं भांडली.
गोलकीपरचं आडनाव त्यांना बिनचूक येत होतं,
त्याचा चुलतभाऊ गेला होता,
म्हणून तेवढं एक बरोबर आलं.
झेंड्याचे पट्टे आधी उलटे पडले.
शेवटी नावं काढलीच. पूल टाकला, नदी टाकली,
आणि खाली शोकाकुल:
हे पाच, शिवाय नगरसेवक व्हायच्या तयारीतले एक आधारस्तंभ,
हात जोडून, पुलापेक्षा रुंद.

हसू नका. अवधूतचे डोळे सुजलेले होते.
पहाटे तीनला उठून बघितलेल्या मॅचेसमधून
त्या शहराच्या गल्ल्या त्याला पाठ,
आणि पुण्याच्या पुढं तो कधी गेलेला नाही.

मशीनवर मुनाफ होता. मुनाफ शिकलगार, सहा वर्षं आमच्याकडं.
जर्सीतला एक सहज म्हणाला,
"मुनाफ, तुला काय वाटतं रे याबद्दल?"

मला कुणी विचारलं नाही.

मुनाफनं रोल सरळ केला.
"काळी शाई कमी पडंल," म्हणाला, "काठ बारीक करू का?"
अवधूतनं त्या पोराच्या डोक्यात टपली हाणली.
पुढं कुणी बोललं नाही. मशीन तेवढं
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, दुसऱ्या एका देशात
भाजीबाजारात त्रेसष्ट माणसं गेली होती.
पान नऊ, ऊसदराच्या बातमीखाली चार ओळी.
मी वाचल्या होत्या. आणि पान उलटलं होतं,
राशिभविष्य मागच्या पानावर असतं.
त्या गावाला टीम नाही.
आमच्यातलं कुणी तिथं शिकायला जात नाही.
वांगी काय भावानं होती, कुणाचा बूट निघाला,
कुणी गोल करून दाखवलं नाही.

पोरं गेल्यावर मी मुनाफला ते सांगितलं.
त्याचा मामा त्या गावात दोन वर्षं क्रेनवर होता म्हणे.
"तिथली कलिंगडं मोठी असत्यात," तो म्हणाला,
आणि शाईचे हात रॉकेलनं धुवायला गेला.

फ्लेक्स बारा दिवस टिकला. मग त्या जागी वाढदिवस आला.

परवा गंगावेशीत दूध प्यायला गेले,
धारोष्ण, फेस विरायच्या आत पेला तोंडाला.
चौगुलेमामांनी म्हशीवर छप्पर बांधलंय:
माझी नदी, उलटी,
पूल पालथा, दिवे खाली लोंबतायत,
आधारस्तंभाच्या कपाळाला सुतळीचं भोक.
मी विचारलं, मामा, कुठलं शहर हे, ठाऊक आहे?

"कुठलं का असंना. गळत न्हाई."
म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले,
"हिच्या रेडीलाबी एक पायजे.
परत असलं काय झालं तर ठेव माझ्यासाठी."

मी ओठावरचा फेस पुसला.
बरं म्हणाले.